तिसऱ्या बेसचा धनी : रॉजर कॉनर

१८ जुलै १९२१ रोजी डेट्रॉइटच्या मैदानावर बेब रुथने आपल्या कारकिर्दीतील १३९ वा होमरन मारला. अमेरिकी बेसबॉलमधील एक जुना विक्रम त्या क्षणी मोडला गेला. पण त्याची जाणीव ना मैदानावरील खेळाडूंना होती, ना प्रेक्षकांना. कारण मागचा विक्रम कोणाच्या नावावर आहे, हे कोणी नीट मोजूनच ठेवलेले नव्हते. ज्याच्या नावावर तो होता तो रॉजर कॉनर त्या वेळी ६४ वर्षांचा होता आणि कनेक्टिकट राज्यातील वॉटरबरी या आपल्या जन्मगावी निवृत्तीचे शांत जीवन जगत होता. २६ वर्षे होमरनचा सर्वोच्च आकडा बाळगणाऱ्या या माणसाला आपण विक्रमवीर आहोत हे सांगणारेही कोणी नव्हते.

मात्र केवळ होमरनच्या विक्रमाने कॉनरची ओळख करून देणे अपुरे ठरेल. त्याच्या काळातील बेसबॉलचे खरे वैभव होमरनमध्ये नव्हते. ते ‘ट्रिपल’मध्ये होते. एकोणिसावे शतक संपले तेव्हा व्यावसायिक बेसबॉलमध्ये सर्वाधिक ट्रिपल मारणारा फलंदाज कॉनरच होता. त्याच्या नावावर २३३ ट्रिपल आहेत. आजही संपूर्ण इतिहासात त्याच्यापुढे फक्त चार नावे आहेत : सॅम क्रॉफर्ड, टाय कॉब, होनस वॅग्नर आणि जेक बेकली.

ट्रिपल म्हणजे काय?

क्रिकेटच्या वाचकाला ट्रिपलची थोडी ओळख करून देणे आवश्यक आहे. बेसबॉलच्या मैदानात चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर चार ठाणी असतात. फलंदाज उभा राहतो ते ‘होम’ आणि तेथून क्रमाने पहिला, दुसरा व तिसरा बेस. प्रत्येक दोन ठाण्यांमधील अंतर ९० फूट. चेंडू मारल्यावर फलंदाज पहिल्या बेसपर्यंत पोचला तर तो ‘सिंगल’, दुसऱ्यापर्यंत पोचला तर ‘डबल’, तिसऱ्यापर्यंत पोचला तर ‘ट्रिपल’ आणि सारा फेरा पूर्ण करून घरी परतला तर ‘होमरन’. म्हणजे ट्रिपलसाठी फलंदाजाला एका दमात २७० फूट धावावे लागते आणि तेही दोन वळणे घेत, चेंडू परत येण्याच्या आत.

होमरन आज प्रामुख्याने ताकदीचा खेळ आहे. चेंडू कुंपणापार गेला की फलंदाज रमतगमत फेरा पूर्ण करू शकतो. ट्रिपलला ही सवलत नाही. चेंडू दोन क्षेत्ररक्षकांमधील मोकळ्या जागेतून दूरवर गेला पाहिजे आणि फलंदाजाचे पायही तितकेच चपळ असले पाहिजेत. दुसऱ्या बेसवर थांबायचे की पुढे झेपावायचे, हा निर्णय धावता धावताच घ्यावा लागतो. निर्णय चुकला तर हाती आलेला डबल जातो आणि गडीही बाद होतो.

एकोणिसाव्या शतकात ट्रिपल विपुल होण्याची कारणे त्या काळच्या मैदानांत आणि साहित्यात होती. अनेक मैदानांची कुंपणे फार दूर असत. चेंडू मऊ असे, एकच चेंडू दीर्घकाळ वापरला जाई आणि खेळता खेळता तो मळून झिजून जाई. असा चेंडू हवेतून कुंपणापार धाडणे दुष्कर होते. पण जोरकस फटका क्षेत्ररक्षकांच्या मधून निघाला की तो दूरवर घरंगळत जाई. क्षेत्ररक्षकांचे हातमोजे तोकडे होते किंवा मुळीच नव्हते. उलट जेथे कुंपण जवळ असे तेथे होमरनचा पाऊस पडे. १८८४ मध्ये शिकागोच्या मैदानाची उजवी हद्द २०० फुटांहूनही कमी अंतरावर होती आणि त्या एका हंगामात नेड विल्यम्सनने २७ होमरन मारले. हा आकडा रुथने १९१९ मध्ये मागे टाकेपर्यंत टिकला. त्यामुळे त्या काळात फलंदाजाचा खरा कस ट्रिपलवरून लागे.

पितळेच्या गावातला मुलगा

रॉजर कॉनरचा जन्म १ जुलै १८५७ रोजी वॉटरबरी येथे झाला. मॉर्टिमर आणि कॅथरिन हे त्याचे आईवडील आयर्लंडमधून आलेले स्थलांतरित होते. बटाट्याच्या पिकाच्या नाशामुळे पडलेल्या महादुष्काळाने आयर्लंडमधील लक्षावधी कुटुंबांना अटलांटिक ओलांडायला लावले, त्याच लोंढ्याच्या काळातील हे कुटुंब. वॉटरबरी हे पितळेच्या कारखान्यांचे गाव. बटणे, घड्याळांचे भाग, टाचण्या असा नाना प्रकारचा माल तेथे तयार होई आणि आयरिश मजुरांची वस्ती या कारखान्यांवरच पोसली जाई.

अशा घरात मुलाने चेंडूफळीच्या मागे लागावे, हे वडिलांना मानवणारे नव्हते. शाळा लवकर सोडून रॉजर कारखान्यात काम करू लागला. पण खेळाची ओढ सुटली नाही. किशोरवयातच तो खेळाडू होण्याच्या आशेने न्यू यॉर्कला निघून गेला आणि परत आला तेव्हा वडील हयात नव्हते, असे त्याच्या चरित्रात सांगितले जाते. कुटुंब मोठे आणि भावंडे लहान. खेळ हा छंद म्हणून परवडणारा नव्हता. तो पोटापाण्याचा व्यवसाय व्हायला हवा होता. पुढे त्याचा धाकटा भाऊ जो हाही व्यावसायिक बेसबॉलमध्ये यष्टिरक्षकासारखे काम करणारा ‘कॅचर’ झाला.

१८७६ मध्ये रॉजर वॉटरबरीच्या संघातून खेळू लागला. त्यानंतर न्यू बेडफर्ड आणि होल्योक या गावांच्या संघांतून खेळत त्याने नाव कमावले आणि १८८० मध्ये न्यू यॉर्क राज्यातील ट्रॉय शहराच्या संघाने त्याला नॅशनल लीगमध्ये आणले. सहा फूट तीन इंच उंची आणि सुमारे १०० किलो वजन असा हा धिप्पाड तरुण डावखुरा होता. आरंभी तो तिसऱ्या बेसवर क्षेत्ररक्षण करी. डावखुऱ्या माणसासाठी ही जागा अडचणीची. चेंडू उचलून पहिल्या बेसकडे फेकण्यासाठी त्याला सारे अंग वळवावे लागते. कॉनरच्या हातून चुकाही भरपूर झाल्या. खांद्याच्या दुखापतीनंतर त्याला पहिल्या बेसवर हलविण्यात आले आणि तेथे मात्र तो त्या काळातील उत्तम क्षेत्ररक्षकांपैकी एक ठरला.

ट्रॉयचा संघ गरीब होता. पण त्या काळी त्यात बक यूइंग, टिम कीफ आणि मिकी वेल्श हे पुढे कीर्तीस चढलेले खेळाडू होते. १० सप्टेंबर १८८१ रोजी वूस्टरविरुद्धच्या सामन्यात ट्रॉय अखेरच्या डावात ४-७ असा मागे होता. दोन गडी बाद झालेले, तिन्ही बेसवर सहकारी उभे आणि समोर पिचर ली रिचमंड, ज्याने आदल्याच वर्षी एकाही फलंदाजाला बेसवर न पोचू देता संपूर्ण सामना जिंकण्याचा पराक्रम केला होता. कॉनरने होमरन मारला, चौघेही घरी आले आणि ट्रॉयने सामना ८-७ असा जिंकला. तिन्ही बेस भरलेले असताना मारलेला, म्हणजे आजच्या भाषेत ‘ग्रँड स्लॅम’ ठरणारा, मेजर लीगमधील हा पहिलाच होमरन मानला जातो. पुढच्याच हंगामात, १८८२ मध्ये, १८ ट्रिपल मारून तो लीगमध्ये अव्वल आला.

न्यू यॉर्कचे ‘जायंट्स’

१८८२ च्या अखेरीस ट्रॉयचा संघ लीगमधून बाहेर पडला आणि कॉनर, यूइंग, वेल्श आदी खेळाडू जॉन डे यांच्या मालकीच्या न्यू यॉर्क संघात आले. हा संघ पोलो ग्राउंड्सवर खेळे. सेंट्रल पार्कच्या उत्तरेस ११० व्या रस्त्यापाशी असलेले हे मैदान पूर्वी खरोखरच पोलोसाठी वापरले जाई. त्यावरून हे नाव. १८८५ च्या सुमारास या संघाला ‘जायंट्स’ हे नाव चिकटले. व्यवस्थापक जिम म्यूट्री आपल्या उंचपुऱ्या खेळाडूंचा अभिमानाने असा उल्लेख करीत, असे म्हणतात. त्यांच्यातील सर्वांत नजरेत भरणारा देह कॉनरचाच होता. तो संघ आज सॅन फ्रान्सिस्कोत आहे आणि ते नाव अद्याप मिरवितो.

न्यू यॉर्कमधील वर्षे ही कॉनरच्या आयुष्यातील सुवर्णवर्षे. १८८५ मध्ये .३७१ च्या सरासरीने, म्हणजे दर हजार संधींमागे ३७१ यशस्वी फटक्यांच्या प्रमाणात, तो नॅशनल लीगचा सर्वोत्तम फलंदाज ठरला. १८८६ मध्ये २० ट्रिपल मारून त्याने दुसऱ्यांदा त्या यादीत पहिले स्थान मिळविले. एवढ्या वजनाचा माणूस इतक्या वेळा तिसऱ्या बेसपर्यंत पोचतो, याचे प्रेक्षकांना नवल वाटे. त्याची चाल हलकी होती आणि ढांगा लांब. बेस चोरण्यातही, म्हणजे पिचरचे लक्ष चुकवून पुढच्या ठाण्याकडे झेपावण्यातही, तो मागे नव्हता. दोनशेहून अधिक चोरलेले बेस त्याच्या खाती जमा आहेत.

त्याच वर्षी सप्टेंबर महिन्यात बॉस्टनच्या चार्ल्स रॅडबर्नचा चेंडू त्याने पोलो ग्राउंड्सच्या उजव्या कुंपणावरून थेट ११२ व्या रस्त्यावर टोलविला. त्या मैदानाबाहेर चेंडू जाणे ही अपूर्व गोष्ट होती. प्रेक्षकांत न्यू यॉर्कच्या शेअर बाजारातील मंडळी होती. त्यांनी तेथल्या तेथे वर्गणी गोळा केली आणि ५०० डॉलर किमतीचे सोन्याचे घड्याळ कॉनरला भेट दिले. घड्याळांचे सुटे भाग घडविणाऱ्या गावातील मजुराच्या मुलाला वॉल स्ट्रीटच्या धनिकांकडून सोन्याचे घड्याळ मिळावे, हा योग मोठा विलक्षण होता.

१८८८ च्या मे महिन्यात इंडियानापोलिसविरुद्ध त्याने एकाच सामन्यात तीन होमरन मारले. त्या वर्षी आणि पुन्हा १८८९ मध्ये जायंट्सने नॅशनल लीगचे विजेतेपद मिळविले. प्रतिस्पर्धी अमेरिकन असोसिएशनच्या विजेत्यांशी होणाऱ्या अंतिम मालिकेत त्यांनी आधी सेंट लुईसला आणि नंतर ब्रुकलिनला हरविले. १८८९ मध्ये तर संघाला स्वतःचे मैदानही उरले नव्हते. महापालिकेने पोलो ग्राउंड्समधून रस्ता काढला आणि जायंट्सना आधी दुसरीकडे आसरा शोधत, मग शहराच्या उत्तर टोकाला नवे मैदान उभारून खेळावे लागले. अशा भटकंतीच्या हंगामात कॉनरच्या फटक्यांनी १३० धावा घरी आणल्या; त्या वर्षी लीगमध्ये हा आकडा सर्वाधिक होता.

घरचा उंबरठा

या यशाच्या काळातच त्याच्या घरात दुःखही आले होते. ट्रॉयमध्ये असताना त्याची अँजेलिनशी ओळख झाली आणि दोघांनी विवाह केला. ती कॅथलिक नव्हती आणि कॉनर श्रद्धाळू आयरिश कॅथलिक. त्यांची एकुलती मुलगी वर्षाची होण्याआधीच दगावली. धर्माबाहेर विवाह केल्याची ही शिक्षा आहे, असे शल्य कॉनरच्या मनात घर करून बसले. पुढे अँजेलिनने कॅथलिक धर्म स्वीकारला आणि दोघांनी अनाथालयातून सेसिलिया नावाची मुलगी दत्तक घेतली. मैदानावर पंचांशी कधी हुज्जत न घालणारा सभ्य खेळाडू म्हणून कॉनर ओळखला जाई. मद्यपान, मारामाऱ्या आणि शिवीगाळ यांनी गाजणाऱ्या त्या काळच्या बेसबॉलमध्ये हा संयम उठून दिसे.

मालक आणि मजूर

कॉनरच्या कारकिर्दीचा आणखी एक पैलू कमी सांगितला जातो. त्या काळी खेळाडू हा जवळजवळ मालकाची मालमत्ता होता. ‘राखीव’ कलमामुळे करार संपला तरी खेळाडूला दुसऱ्या संघात जाता येत नसे. मालकाने मात्र त्याला केव्हाही काढावे किंवा विकावे. या अन्यायाविरुद्ध १८८५ मध्ये न्यू यॉर्कच्या नऊ खेळाडूंनी एकत्र येऊन खेळाडूंची पहिली संघटना स्थापन केली. जॉन माँटगोमेरी वॉर्ड हा कायद्याचा पदवीधर खेळाडू तिचा नेता होता आणि त्या नऊ जणांत कॉनरही होता.

१८८८ च्या हंगामानंतर मालकांनी खेळाडूंची अ ते ई अशी पाच वर्गांत विभागणी करून वेतनाची कमाल मर्यादा २,५०० डॉलर ठरविली. वर्गवारीत खेळाडूचे मैदानाबाहेरील वर्तनही जमेस धरले जाणार होते. तेव्हा संघटनेने थेट वेगळी लीग उभारण्याचे ठरविले. १८९० मध्ये ‘प्लेयर्स लीग’ सुरू झाली. तिच्या कारभारात खेळाडूंना वाटा होता. जायंट्सचे बहुसंख्य खेळाडू डे यांना सोडून नव्या लीगमध्ये गेले. कॉनर त्यांच्यासोबत ठाम उभा राहिला आणि त्या हंगामात होमरनच्या यादीत पहिला आला. होमरनमध्ये लीगचे अव्वल स्थान त्याला आयुष्यात त्या एकाच वर्षी मिळाले.

लीग मात्र एका वर्षातच बंद पडली. तीन लीग एकाच वेळी चालण्याइतका प्रेक्षक नव्हता. सगळेच तोट्यात गेले आणि नव्या लीगला भांडवल पुरविणाऱ्यांनी जुन्या मालकांशी परस्पर तडजोड केली. खेळाडूंना निमूटपणे परतावे लागले. राखीव कलम त्यानंतर आणखी ८५ वर्षे टिकले. १९७५ च्या अखेरीस लवादाने ते मोडीत काढले. त्यानंतर थोड्याच महिन्यांत, १९७६ मध्ये, कॉनरला हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळाले. हा निव्वळ योगायोग, पण अर्थपूर्ण.

उतरती वाट

१८९१ मध्ये कॉनर जायंट्सकडे परतला, पुढचे वर्ष फिलाडेल्फियाकडून खेळला, पुन्हा न्यू यॉर्कला आला आणि १८९४ च्या मध्यावर सेंट लुईसच्या दुबळ्या संघाकडे गेला. या दरम्यान खेळाचे नियमही पालटत होते. त्याने खेळायला सुरुवात केली तेव्हा पिचर ४५ फुटांवरून चेंडू टाकत असे. १८८१ मध्ये ते अंतर ५० फूट झाले आणि १८९३ मध्ये आजचे ६० फूट ६ इंच. हात खांद्याच्या वर नेऊन चेंडू फेकण्याची मुभा १८८४ मध्ये मिळाली. उंच चेंडू हवा की खालचा, हे पिचरला सांगण्याचा फलंदाजाचा हक्क १८८७ मध्ये गेला. खेळ डोळ्यांदेखत बदलत होता आणि प्रत्येक बदलात कॉनर धावा काढतच राहिला. म्हणूनच त्याच्या आकड्यांना केवळ एका नियमाची वा एका मैदानाची कृपा म्हणता येत नाही.

१ जून १८९५ रोजी सेंट लुईसकडून खेळताना त्याने आपल्या जुन्या न्यू यॉर्क संघाविरुद्धच एका सामन्यात सहा संधींत सहा यशस्वी फटके मारले. त्याच वर्षी हॅरी स्टोव्हीचा १२२ होमरनचा आकडा त्याने ओलांडला. १८९६ मध्ये काही आठवडे सेंट लुईसचे व्यवस्थापकपदही त्याच्याकडे आले. पण अवघे ८ विजय पदरी पडल्यावर त्याने ते सोडले. १८९७ च्या हंगामात संघाने त्याला मोकळे केले. मेजर लीगमधील १८ हंगामांत २,४६७ फटके, ४४१ डबल, २३३ ट्रिपल आणि १३८ होमरन एवढी त्याची कमाई होती.

खेळ मात्र सुटला नाही. त्याने १८९८ मध्ये वॉटरबरीचा स्थानिक संघच विकत घेतला. मालक, व्यवस्थापक आणि पहिल्या बेसवरचा खेळाडू अशी तिन्ही कामे तो एकटाच करी. तिकिटांचा व्यवहार पाहायला घरचीच माणसे असत. वयाच्या चाळिशीनंतर, चष्मा लावून खेळत, त्याने कनेक्टिकटच्या लीगमध्ये फलंदाजीचे पहिले स्थान पटकावले. पुढे तो संघ विकून त्याने स्प्रिंगफील्डचा संघ घेतला आणि १९०३ मध्ये खेळ थांबविला. त्यानंतर वॉटरबरी शहराच्या शाळांच्या इमारतींची देखरेख करण्याची नोकरी त्याने १९२० पर्यंत केली. न्यू यॉर्कच्या मैदानांवरून आता नवे वीर गाजत होते. वॉटरबरीच्या शाळांत हा उंचापुरा म्हातारा भिंती आणि छपरे तपासत फिरत होता.

मोजदाद

१९२८ मध्ये अँजेलिनचे निधन झाले. ४ जानेवारी १९३१ रोजी, वयाच्या ७३ व्या वर्षी, वॉटरबरी येथेच कॉनरने जगाचा निरोप घेतला. सेंट जोसेफ दफनभूमीत त्याला पुरण्यात आले. कबरीवर नावाचा दगड मात्र बसला नाही.

त्याचे विक्रम विस्मरणात का गेले, याचे उत्तर साधे आहे. त्या काळी हंगामाची सरासरी छापली जाई. पण कारकिर्दीची बेरीज ठेवण्याची पद्धत नव्हती. होमरन हाच मुळी खेळाचा दागिना मानला जात नव्हता. रुथने खेळाचे रूप पालटले, होमरन हे चलनी नाणे झाले आणि मग मागे वळून पाहणाऱ्यांना रुथच्या पलीकडचे काही दिसेनासे झाले. जुन्या वर्तमानपत्रांतील एकेका सामन्याचे तपशील अभ्यासकांनी पुन्हा तपासले, तेव्हा १९७० च्या दशकापर्यंत कॉनरची बेरीज १३८ वर स्थिर झाली. १९७४ मध्ये हँक ॲरनने रुथचा ७१४ चा आकडा ओलांडला, त्या सुमारास एक प्रश्न पुढे आला : मग रुथने कोणाला ओलांडले होते? या प्रश्नाच्या उत्तरानेच कॉनरला विस्मृतीतून बाहेर काढले.

ट्रिपलचे वैभव मात्र परतले नाही. मैदाने आखूड झाली, कुंपणे जवळ आली, फलंदाजांची सारी मदार ताकदीवर गेली. १९१२ मध्ये चीफ विल्सनने एका हंगामात मारलेले ३६ ट्रिपल शंभर वर्षांनंतरही अबाधित आहेत आणि आज संपूर्ण कारकिर्दीत शंभर ट्रिपल मारणारा फलंदाज विरळाच. होमरनचा विक्रम कॉनरच्या हातून गेला, पुन्हा पुन्हा मोडला गेला. पण २३३ ट्रिपलच्या जवळपास पोचण्याची शक्यताही आता कोणाला दिसत नाही.

२००१ मध्ये वॉटरबरीच्या नागरिकांनी निधी जमवून कॉनर दांपत्याच्या कबरीवर नाव कोरलेला दगड बसविला. तोवर मृत्यूला ७० वर्षे झाली होती आणि हॉल ऑफ फेममधील निवडीला २५. ज्या गावाने त्याला मजूर म्हणून पाहिले, खेळाडू म्हणून मिरविले आणि शाळांचा देखरेखदार म्हणून रोज भेटले, त्याच गावाने अखेर त्याची नोंद पूर्ण केली.